पॉडकास्टसाठी कमी बजेटमध्ये रेकॉर्डर: आधी जागा, मग माईक, मग मॉडेल

पोर्टेबल रेकॉर्डर घेताना बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी मॉडेल ठरतं, मग त्याला कुठला माईक चालतो याची शोधाशोध होते. पैसे संपल्यावर लक्षात येतं की कार्ड, सेल, हेडफोन, वाऱ्याचं कव्हर यातलं काहीच घेतलेलं नाही आणि ज्या खोलीत बोलायचं तिथे आवाज घुमतो. मग दोष रेकॉर्डरला. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन टप्प्यांना एक पैसा लागत नाही, आणि नेमके तेच दोन वगळले जातात.

## १. काय रेकॉर्ड करणार ते कागदावर लिहा

पुढच्या पाच-सहा भागांची यादी करा. प्रत्येक भागासमोर तीन गोष्टी लिहा: बोलणारे किती, जागा कुठली, आणि वीज हाताशी आहे का. गोव्यात मराठी पॉडकास्ट करणाऱ्याची यादी साधारण अशी निघते: घरी बसून एकट्याने निवेदन, एखाद्या भजनी बुवांची त्यांच्या घरी मुलाखत, जत्रेतल्या नाटकाची तालीम, चवथीतली (गणेशोत्सवातली) घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या, चामडं मढवलेल्या वाद्यावरची आरती, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले आवाज.

आता सहापैकी चार-पाच भाग ज्या प्रकारात बसतात, तेवढाच प्रकार धरून पुढे चला. वर्षातून एकदा घुमट आरती घ्यायची म्हणून चार ट्रॅकचं यंत्र घेऊ नका.

- एकटे, घरीच: वेगळा रेकॉर्डर घ्यायची घाई नको. हातातला फोन आणि एक बरा कॉलर माईक यांत पहिले दहा भाग आरामात होतात. वाचलेले पैसे खोलीवर घाला.
- दोघे समोरासमोर: दोन वेगळे माईक जोडता येतील असा रेकॉर्डर हवा. बजेटवाल्यांची खरी गरज बहुतेक वेळा हीच असते.
- बाहेरचे आवाज, भजन, नाटक: रेकॉर्डरवरचेच माईक चांगले हवेत. सोबत वाऱ्याचं केसाळ कव्हर हवंच.
- तिघे-चौघे गप्पा: चार एक्सएलआर जोड (मोठ्या माईकचा तीन पिनांचा गोल जोड) आणि चार माईक लागतात. खर्च माईक, वायरी आणि स्टँडमध्येच वाढतो. झूमचा पॉडट्रॅक पी४ याच कामासाठी आहे आणि त्यात फोनवरचा पाहुणाही जोडता येतो. पण हा लेख त्या बजेटचा नाही.

## २. खोली ऐका

ज्या वेळी रेकॉर्ड करणार त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसून फोनवर दोन मिनिटांची शांतता रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. कानाला सवय झालेले आवाज आता उघडे पडतात: पंखा, फ्रिज, शेजारचा पंप, सकाळ-संध्याकाळ पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, मासेवाल्याची गाडी. भोंग्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या टाळता येतात. फ्रिज अर्धा तास बंद ठेवता येतो. पावसाळ्यात मंगळुरी कौलांवरचा किंवा पत्र्यावरचा पाऊस मात्र टळत नाही, म्हणून जून ते सप्टेंबरसाठी स्लॅबखालची एखादी खोली आधीच हेरून ठेवा.

मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागून ‘टिंग’ किंवा शेपूट ऐकू आलं तर खोली घुमते. जुन्या घरांतली उंच छताची, फरशीची, मोकळ्या भिंतींची सालं (दिवाणखाने) दिसायला सुरेख, पण आवाजाला वाईट. देवळाचा सभामंडप त्याहून अवघड. त्याच घरातली लहान खोली, जिथे गादी, कपड्यांचं कपाट आणि जाड पडदा आहे, ती निवडा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टांगली तरी फरक पडतो. माईक बोलणाऱ्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत माईकला सरळ ‘दिसते’.

सावध: घुमणारी खोली संपादनात पूर्ण दुरुस्त होत नाही. महागडा रेकॉर्डर ती घुमणूक अधिक स्वच्छ टिपतो, एवढंच.

## ३. माईक ठरवा

अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डीबीने (डेसिबलने) उतरतो, खोलीची घुमणूक मात्र जवळपास तेवढीच राहते. माईक तोंडापासून १५ सेंटीमीटरवरून ६० सेंटीमीटरवर गेला की १२ डीबी गेले. दोघांच्या मधे टेबलावर रेकॉर्डर ठेवून घेतलेली मुलाखत ‘विहिरीतून’ आल्यासारखी वाटते ती यामुळे. त्यात टेबलावर ठेवलेला चहाचा कप, बोटांची टकटक, पानं उलटणं हे सगळं लाकडातून थेट आत जातं.

रेकॉर्डरवरचे माईक. यात दोन जाती आहेत. झूम एच१एन आणि एच१ इसेन्शिअल यांचे माईक तिरपे एकमेकांवर, समोरचं जास्त ऐकणारे. टॅस्कॅम डीआर-०५एक्सचे चारी दिशांचं ऐकणारे. त्याचाच भाऊ डीआर-०७एक्स दिशादर्शक, आणि त्याचे माईक आत-बाहेर वळवता येतात. घुमणाऱ्या खोलीत बोलणं टिपायचं असेल तर चारी दिशांचा घेऊ नका. उलट भजनी मंडळ गोल बसलं असेल आणि जागा चांगली असेल, तर तोच छान वाटतो.

कॉलर माईक. पाहुणा माईकला बुजत असेल तर उत्तम. आजीआजोबांच्या मुलाखतींना तर हाच. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कपड्याच्या बाहेरच्या बाजूला लावा. खणाचं किंवा कडक सुती कापड घासून खरखर करतं. मंगळसूत्र, साखळी, जानवं माईकला लागत नाही ना, तेही बघा.

हातात धरायचा डायनॅमिक माईक. गोंगाटाच्या जागेसाठी हाच. तोंडाजवळ धरला की आजूबाजूचं कमी घेतो आणि दमट हवेचाही त्याला फारसा त्रास नाही. पण त्याचा सिग्नल अशक्त असतो. बोलण्यासाठी त्याला ५० ते ६० डीबी वाढ द्यावी लागते आणि स्वस्त रेकॉर्डर नेमके तिथेच सूं-सूं करू लागतात.

स्टुडिओचा मोठा कंडेन्सर माईक. स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. ४८ व्होल्टचा पुरवठा मागतो, शेजारच्या खोलीतली कुजबुजही टिपतो, आणि दमट हवेत नीट ठेवला नाही तर तडतडतो.

## ४. माईकला जुळणारा जोड तपासा

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर.

स्वस्त रेकॉर्डरना एकच ३.५ मिलीमीटरचा जोड असतो, आपल्या हेडफोनच्या भोकासारखा. त्यातून कॉलर माईकला सुमारे अडीच व्होल्ट मिळतात. त्याला ‘प्लग-इन पॉवर’ म्हणतात आणि ते मेनूमधून चालू करावं लागतं. चालू न केल्यास माईक मुका राहतो आणि लोक तो बिघडला म्हणून परत पाठवतात. एक्सएलआर माईकचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा ही वेगळी गोष्ट, तो ३.५च्या भोकातून मिळत नाही, कुठलीही पिन लावली तरी नाही.

आता कॉलर माईकची पिन डोळ्यांजवळ धरा आणि धातूवरची काळी वळी मोजा. दोन वळी म्हणजे टीआरएस, ही रेकॉर्डरला आणि कॅमेऱ्याला चालते. तीन वळी म्हणजे टीआरआरएस, ही फोनसाठी. तीन वळ्यांची पिन रेकॉर्डरमध्ये घातली की कधी काहीच येत नाही, कधी फार बारीक आवाज येतो. टीआरआरएसवरून टीआरएस करणारं छोटं अडॅप्टर मिळतं, तेच घ्या. बोया बीवाय-एम१सारख्या माईकच्या वायरीवर एक लांबट डबी असते. रेकॉर्डरला लावताना तिचं बटण फोनवर न ठेवता कॅमेऱ्यावर हवं आणि आत एलआर४४चा सेल हवा. रेकॉर्डिंग संपलं की बटण परत फिरवा, नाहीतर पुढच्या वेळी सेल मेलेला असतो.

एका भोकात दोन कॉलर माईक लावता येतात: एकाचा आवाज डाव्या बाजूला, दुसऱ्याचा उजव्या. त्यासाठी माईकचा वाय-अडॅप्टर लागतो, जो डावा आणि उजवा वेगळा करतो. बाजारात सर्रास मिळतो तो हेडफोनचा वाय-अडॅप्टर. त्याने दोन्ही माईक एकत्र जोडले जातात आणि दोघांचा आवाज दोन्ही बाजूंना मिसळून येतो. मग पाहुणा खोकला तरी तो तुमच्या वाक्यातून काढता येत नाही. दिसायला दोन्ही अडॅप्टर सारखेच, म्हणून विक्रेत्याला ‘स्टिरिओ पिनवरून दोन मोनो माईक’ असं स्पष्ट विचारा.

डायनॅमिक माईक घेणार असाल तर एक्सएलआर जोड असलेलाच रेकॉर्डर घ्या. एक्सएलआरवरून ३.५ची वायर लावून काम भागतं असं सांगणारे भेटतील. त्यात सिग्नल अशक्त राहतो आणि बऱ्याचदा एकाच कानात येतो.

तपासा: निवडलेला माईक, त्याची पिन, रेकॉर्डरचा जोड आणि लागणारा विजेचा पुरवठा या चार गोष्टी एका ओळीत लिहा. एकही जागा रिकामी राहिली तर खरेदी थांबवा.

## ५. जाहिरातीतले आकडे: कुठले बघायचे, कुठले सोडायचे

९६ किलोहर्ट्झ, १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले जातात तो आकडा) हे सोडून द्या. बोलण्यासाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट भरपूर झालं.

३२ बिट फ्लोटचा मात्र खरा उपयोग आहे. कुजबुज आणि किंकाळी दोन्ही एकाच फाईलमध्ये मावतात, लेव्हल चुकली तरी संपादनात आवाज खाली आणता येतो. झूमच्या इसेन्शिअल मालिकेत हे स्वस्तात आलं आणि एच१ इसेन्शिअलमध्ये रेकॉर्डिंगची लेव्हल लावायची भानगडच नाही. घुमट, शामेळ आणि कांसाळी ही आरतीची वाद्यं एकदम सुरू झाल्यावर ज्याची लेव्हल चुकते, त्याला ही सोय सोन्यासारखी. तरी दोन गोष्टी यातून सुटत नाहीत. माईकची स्वतःची सहन करायची मर्यादा असते, उदाहरणार्थ एच१एनची १२० डीबी; ती ओलांडली की आवाज माईकमध्येच फाटतो. आणि लांबचा माईक लांबचाच राहतो. शिवाय तुमचं संपादनाचं सॉफ्टवेअर ३२ बिट फ्लोट उघडतं का ते आधी बघा. ऑडॅसिटी उघडतं, फोनवरची काही अॅप्स उघडत नाहीत.

बघायचा आकडा वेगळाच: इनपुटचा स्वतःचा गोंगाट. तो ईआयएन या नावाने डीबीयूमध्ये देतात. उणे १२० किंवा त्याहून खाली असेल तर डायनॅमिक माईकही निभावतो. स्वस्त मॉडेलच्या माहितीपत्रकात हा आकडा अनेकदा छापलेलाच नसतो. अशा वेळी त्या मॉडेलवर डायनॅमिक माईक लावून केलेलं, शांत खोलीतलं मूळ रेकॉर्डिंग शोधून हेडफोनवर ऐका. संगीत लावलेला व्हिडिओ काही कामाचा नाही.

आणखी एक: ‘ऑटो लेव्हल’ बंद करता येते का? व्हॉइस रेकॉर्डर म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त यंत्रांत ती बंदच होत नाही. माणूस बोलायचा थांबला की यंत्र आवाज वाढवत जातं, पंख्याची घरघर वर येते, बोलायला लागला की खाली दबते. ही वरखाली ऐकणाऱ्याला पाच मिनिटांत थकवते. तसंच जे यंत्र फक्त एमपी३ करतं आणि वेव्ह फाईल देत नाही, ते यादीतून काढा.

## ६. तीन नावांवर या

वरची चाळणी लावली की यादी आपोआप लहान होते.

फक्त अंगचे माईक आणि एक-दोन कॉलर माईक पुरेसे असतील तर एच१ इसेन्शिअल, डीआर-०७एक्स आणि स्वस्तात मिळाला तर जुना एच१एन. एच१एनला मायक्रो एसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतच चालतं, घरात पडलेलं ६४चं कार्ड घालून वाद घालत बसू नका. झूमचे हे दोन्ही दोन बारीक एएए सेलवर चालतात, टॅस्कॅमचे दोन्ही दोन एएवर. वीज नसलेल्या जागी जास्त काम असेल तर एए सेलवाला बरा.

दोन एक्सएलआर माईक लावायचे असतील तर टॅस्कॅम डीआर-४०एक्स, झूम एच४एन प्रो किंवा एच४ इसेन्शिअल. डीआर-४०एक्सला तीन एए सेल लागतात, म्हणजे चारचा जोड घेतला की एक उरतो. त्यात एक गुणाची सोय आहे: तेच रेकॉर्डिंग कमी लेव्हलला दुसऱ्या फाईलमध्येही होतं. पाहुणा अचानक मोठ्याने हसला आणि मूळ फाईल फाटली तर दुसरी कामाला येते.

दोघांच्या मुलाखतीच करणाऱ्याने एच४ इसेन्शिअल परवडत असेल तर तोच घ्यावा. परवडत नसेल तर दोन कॉलर माईक आणि छोटा रेकॉर्डर. मधल्या तडजोडी, म्हणजे छोट्या रेकॉर्डरला अडॅप्टरवर अडॅप्टर लावणं, शेवटी महाग पडतात.

## ७. पैसे वाटून घ्या

हातात असलेल्या रकमेचा निदान एक तृतीयांश भाग बाजूला ठेवा, तो रेकॉर्डरला लावायचा नाही. १५ हजार असतील तर रेकॉर्डर १० हजारांच्या आत. उरलेल्यात, याच क्रमाने:

१. कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन. ब्लूटूथचे नकोत, बहुतेक स्वस्त रेकॉर्डरना ते जोडता येत नाहीत आणि आवाज उशिराही येतो.
२. माईक आणि त्याचा बरोबर अडॅप्टर.
३. नावाजलेल्या कंपनीची दोन कार्डं, एक मोठं घेण्यापेक्षा.
४. चार्ज होणाऱ्या एनआयएमएच सेलचे दोन जोड आणि चार्जर.
५. वाऱ्याचं केसाळ कव्हर. सोबत येणारा फोमचा टोपरा ‘प’ आणि ‘भ’चा फटका थोडा अडवतो, मिरामारचा किंवा कोळव्याचा वारा अडवत नाही.
६. टेबलावरचा छोटा ट्रायपॉड.

कार्डाचा हिशेब: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ३२ बिट फ्लोटला तासाला सुमारे १.४ जीबी. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखं २४ तासांचं अखंड भजन सलग घेतलं तरी २४ बिटमध्ये ते सुमारे २५ जीबी होतं, ३२च्या कार्डात मावतं. एवढा वेळ सेल टिकणार नाहीत, पॉवर बँक लागेल. काही पॉवर बँका फार कमी वीज ओढली गेली की आपोआप बंद होतात, म्हणून आपली बँक रेकॉर्डरला लावून घरी रात्रभर चालवून बघा.

## ८. विकत घेताना

जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणून हजार-दोन हजार कमी सांगितले तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच माथी. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची ते आधी वाचा, कारण पुढच्या टप्प्यातल्या सगळ्या चाचण्या त्या मुदतीत उरकायच्या आहेत.

वापरलेला घेताना पाच ठिकाणं बघा. सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर आहे का. किनारपट्टीवर खारी हवा आणि गळलेले सेल यांनी हे हमखास होतं. हेडफोन लावून लेव्हलचं चाक हळू फिरवा, खरखर येते का. जोडात पिन घालून हलकेच हलवा, आवाज तुटतो का. कार्डाचं झाकण नीट बसतं का. आणि दोन्ही अंगचे माईक सारखेच ऐकू येतात का: समोर उभं राहून एक ते दहा मोजा, नंतर प्रत्येक कान वेगळा ऐका.

सावध: ‘सेल संपलेत, पण चालतो’ असं सांगणाऱ्याकडे स्वतःचे सेल आणि कार्ड घेऊन जा. चालवून दाखवता येत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.

## ९. पहिल्या दिवसाची चाचणी

आधी सेटिंग. तारीख-वेळ लावा, बऱ्याच यंत्रांत फाईलींची नावं त्यावरून येतात. मेनूत सेलची जात निवडा. एनआयएमएच सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५चा, जात चुकीची ठेवली तर सेलची पट्टी खोटं सांगते आणि यंत्र मुलाखतीच्या मधे बंद पडतं. फाईल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (यंत्र ३२ बिट फ्लोटच करत असेल तर तेच). ऑटो लेव्हल बंद. लिमिटर (अचानक मोठा झालेला आवाज दाबणारी सोय) असेल तर चालू. लो-कट (खालचे, जाड आवाज कापणारी सोय) ८० हर्ट्झवर. बोलण्याला तो धक्का लावत नाही, पण रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या इंजिनासारखी खालची घुरघुर कमी करतो. भजन घेताना मात्र लो-कट काढा, नाहीतर पखवाजाचा धुमा पातळ होतो.

कार्ड. संगणकावर पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ हे फुकट प्रोग्रॅम हे काम करतात. बनावट कार्डावर ६४ लिहिलेलं असतं, आत ८ निघतात, आणि पुढचं रेकॉर्डिंग गुपचूप नाहीसं होतं. तपासून झालं की कार्ड रेकॉर्डरच्या मेनूतूनच फॉर्मॅट करा.

गोंगाटाची चाचणी. रात्री पंखा बंद करून करा. माईक दुलईत गुंडाळा. लेव्हल कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन जागी ३०-३० सेकंद शांतता रेकॉर्ड करा. मग माईक बाहेर काढून प्रत्येक लेव्हलला तोंडापासून १५ सेंटीमीटरवर चार वाक्यं बोला. हेडफोनवर ऐकताना कुठला आवाज कशाचा हे ओळखता यायला हवं:

- सरळ, सपाट ‘सूं’: इनपुटचा गोंगाट. बोलण्यापेक्षा खूप खाली असेल तर चालेल. बोलण्याच्या जोडीने ऐकू येत असेल तर हा माईक आणि हा रेकॉर्डर यांची जोडी जुळत नाही, एकाला बदला.
- ‘गुंऽऽ’ अशी गुणगुण: ५० हर्ट्झची विजेची. चार्जर काढून सेलवर चालवा. गेली तर दोष चार्जरचा. राहिली तर वायर सदोष, किंवा जवळून विजेची वायर जातेय.
- ‘टर्र-टक-टक’: जवळचा मोबाईल. फ्लाइट मोडवर टाका किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा.
- वायर हलवल्यावर खर्र: पिन किंवा जोड सैल. मुदतीत परत करा.
- एकाच कानात आवाज: मोनो वायर स्टिरिओ जोडात आहे. मेनूत मोनो निवडून बघा.

सेल. पूर्ण चार्ज करून, खरा माईक लावून, रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि यंत्र बंद पडेपर्यंत सोडा. मिळालेल्या वेळातला पाऊणच भाग आपला धरा. यंत्र स्वतः बंद पडल्यावर शेवटची फाईल उघडते का तेही इथेच कळतं.

## १०. रेकॉर्डिंगच्या दिवशी, क्रमाने

१. खिडक्या, पंखा, फ्रिज, फोन. पाहुण्याचाही फोन, त्यांच्या खिशात दुसरा असतो.
२. ताजे सेल, रिकामं कार्ड. उरलेला वेळ पडद्यावर वाचा.
३. माईक लावा. दोन डायनॅमिक असतील तर दोघांनी समोरासमोर बसा, म्हणजे प्रत्येक माईकची पाठ दुसऱ्याकडे येते आणि आवाज एकमेकांत कमी मिसळतो.
४. पाहुण्याला ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणायला लावू नका, त्यात कुणीच नेहमीच्या आवाजात बोलत नाही. सकाळी काय खाल्लं, गावची जत्रा कधी असते, असं काहीतरी विचारा. बोलण्याची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास यायला हवीत. एकदा मोठ्याने हसवून घ्या. तेव्हाही उणे ६च्या वर जाऊ नये.
५. हेडफोनचा आवाज आणि रेकॉर्डिंगची लेव्हल ही दोन वेगळी चाकं आहेत. कानाला बारीक वाटलं म्हणून लेव्हल वाढवू नका, आधी पडद्यावरची पट्टी बघा.
६. रेकॉर्ड दाबा आणि सेकंदांचा आकडा पळतोय का ते बघा. टॅस्कॅम डीआर-०५एक्स किंवा झूम एच४एन प्रोवर पहिल्यांदा बटण दाबलं की यंत्र फक्त तयारीत राहतं, लाल दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू होतं. एच१एनवर एकदाच दाबायचं असतं. लुकलुकणारा दिवा बघून तासभर मुलाखत घेतली आणि कार्ड कोरं, हा अपघात फार जुना आणि अजून होणारा.
७. होल्डचं बटण सरकवा, म्हणजे चुकून दुसरं बटण दाबलं जात नाही.
८. बोलणं सुरू करण्याआधी ३० सेकंद सगळे गप्प. खोलीची ही शांतता संपादनात तुकडे जोडायला लागते.
९. मुलाखतभर निदान एका कानावर हेडफोन ठेवा. बल्कांवात (घरासमोरच्या बसायच्या ओट्यावर) बसून बोलताना वारा लागतोय हे कानाला जाणवत नाही, माईकला जाणवतं.
१०. संपल्यावर स्टॉप दाबा, ‘सेव्ह’ची खूण जाईपर्यंत थांबा, मगच यंत्र बंद करा. फाईलची शेवटची नोंद स्टॉपनंतरच लिहिली जाते. आधीच सेल किंवा कार्ड काढलं तर फाईल उघडेलच असं नाही.

तपासा: पाहुण्याच्या घरातून निघण्यापूर्वी फाईलची सुरुवात, मधला भाग आणि शेवट दहा-दहा सेकंद ऐका. लांब रेकॉर्डिंगच्या दोन फाईली दिसल्या तर घाबरू नका. बरेच रेकॉर्डर २ जीबी झाली की नवी फाईल उघडतात, २४ बिटला ते साधारण दोन तासांनी होतं.

## ११. घरी आल्यावर आणि पावसाळ्यात

फाईली संगणकावर आणि आणखी एका जागी उतरवल्याशिवाय कार्ड फॉर्मॅट करू नका.

एसीच्या गाडीतून उतरून थेट दमट हवेत यंत्र बाहेर काढलं की आत बाष्प धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्या. समुद्राकाठी वापरल्यावर बाहेरून कोरड्या, मऊ कापडाने पुसा. माईकच्या जाळीवर फुंकर मारू नका, त्याने ओलावा आत जातो. ठेवायला रबरी कडेचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घेतलं तर कधी तापवून सुकवायचं ते बघूनच कळतं. केसाळ कव्हर ओलं असताना डब्यात घालू नका, बुरशीचा वास जात नाही.

पंधरा दिवस वापर नसेल तर सेल काढून वेगळे ठेवा. पुढच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री ते चार्ज करा, तारीख-वेळ पुन्हा बघा, कारण काही यंत्रं सेल काढल्यावर घड्याळ विसरतात, आणि एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.